रकाना क्रमांक सात

धोटेभाऊंनी अर्ज पुढे सरकवला.
"मॅडम, सात नंबर तेवढा कोराच हाये.
विभागाची बलस्थाने आणि अग्रक्रम. दोनशे शब्द.
समिती उद्या सकाळच्या विमानानं येऊन राहिली."

बाहेर शेहेचाळीस अंश.
अमरावती रोडचं डांबर चपला धरून ठेवतंय.
आत तीन कुलर, त्यातला एक चालू,
आणि त्याच्यासमोरची खुर्ची
आम्ही सगळ्यांनी मिळून समितीसाठी राखलेली.

बलस्थाने.
मंजूर पदं अकरा, भरलेली चार.
उरलेले तास निहाल गजभिये घेतो, घड्याळी तासिकेवर,
आणि संध्याकाळी मानेवाड्यात नववीच्या गणिताचे क्लास.
सात महिन्यांचं मानधन निघालं नाही,
तरी प्रेरणेचे सिद्धान्त तोच शिकवतो.
हे बलस्थान धरायचं का, भाऊ?
भाऊ हसले नाहीत.

शैक्षणिक साहित्याचं कपाट आहे.
त्यात थर्माकोलचं हृदय,
प्रत्येक बॅचनं आपला रंग चढवून
झडपा बुजवून टाकलेलं.
किल्ली खापर्डे सरांकडे. सर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली.
किल्लीसाठी फोन केला की आधी विचारतात,
"पोरांचे पाठ कसे चाललेत?"
मग तासभर पाठांचंच बोलणं होतं,
किल्ली राहून जाते.

पेनाचं टोपण काढलं
आणि आठवली जैवंता पोटावी,
एटापल्लीच्याही पलीकडून आलेली.
पाचपावलीच्या पालिका शाळेत तिचा पहिला पाठ,
सहावी ब, बाष्पीभवन.
मी मागच्या बाकावर,
मांडीवर निरीक्षणपत्रक, हातात लाल पेन.
तिनं फळ्यावर तारीख लिहिली, वळली
आणि थांबली.
मराठीतले शब्द गेले.
माडियातले ओठांपर्यंत आले असावेत,
पण ते इथे चालतात की नाही
हे आम्ही तिला कधी सांगितलंच नव्हतं.
मी घड्याळ पाहिलं, बेचाळीस सेकंद.
लिहिलं : प्रस्तावना फसली.

खिडकीजवळचा एक पोरगा म्हणाला,
"मॅडम, भिऊ नका. मले बी आठवत नाही कधी कधी."
जैवंता त्याच्या बाकाच्या कडेला टेकली.
"मग तू काय करतोस?"
"नळावर हात ओला करतो. उन्हात धरतो.
वाळेपर्यंत येते आठवून."

"चला," ती म्हणाली.
एक्केचाळीस ओले हात मैदानात, उन्हाकडे.
कोणाचा आधी वाळला? काहून?
पाणी गेलं कुठं?
एका पोरीनं हात फ्रॉकला पुसला होता,
तिला सगळ्यांनी बाद केलं, तिनंही ऐकून घेतलं.
घंटा झाली तरी कोणी आत जाईना.

माझ्या पत्रकात वीस कौशल्यं होती,
उद्दीपन-बदल, प्रश्नांचा ओघ, फलकलेखन.
शिकवायचं कसं हे विद्यार्थ्याकडून उसनं घेणं
कुठेच बसत नव्हतं.
मी तिला पन्नासपैकी अठ्ठावीस दिले.
शेरा : वेळेचं नियोजन नाही.

तिनं सही केली, "थँक्यू मॅडम" म्हणाली.

आता ती कसनसूरकडे कुठंतरी आहे.
मागच्या दिवाळीत मेसेज आला होता,
"मॅडम, शाळेत नळ आला."
एवढाच.
मी अंगठ्याचं चित्र पाठवलं. दुसरं काय सुचणार.

"लिहा भाऊ, अग्रक्रम.
स्मार्ट बोर्ड राहू द्या, आधी पत्रक बदलायचं.
शेवटी एक रकाना मोकळा,
तिथं लाल पेनाला मनाई."
"अन्?"
"निहालचे सात महिने."
"हे समितीले नाही चालणार, मॅडम."
"लिहा तरी."
भाऊंनी लिहिलं, पेन्सिलनं.
"अन् बलस्थाने?"

मी उठले. कुलरच्या टाकीत हात बुडवला,
खिडकीबाहेर धरला.
शेहेचाळीस अंशांत
आठवायला फार वेळ मिळत नाही माणसाला.